फार्मसीचे ५०० तास कागदावर उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की "डी.फार्म. कर, दोन वर्षांत मेडिकल टाकता येईल" हा सल्ला घरोघरी दिला जातो. डी.फार्म. म्हणजे फार्मसीची दोन वर्षांची पदविका. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात रुग्णालयाच्या औषध विभागाचे नावही नसते. त्यामुळे अभ्यासक्रमातला सर्वात मोलाचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे ५०० तास, अनेकांना नोंदणीआधीचा सोपस्कार वाटतो. ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्का मिळवायचा, ते तीन महिने दुसऱ्याच कशात घालवायचे आणि प्रमाणपत्र जोडून मोकळे व्हायचे, ही वाट इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे पालकांनाही वाटेनासे झाले आहे. रुग्णालयांच्या फार्मसीत काम करणारे आम्ही काहीजण याविषयी मुद्दाम लिहीत आहोत. नोंदणी झालेली, पण औषध हातात आल्यावर काय तपासायचे हे ठाऊक नसलेली मुले शेवटी आमच्याच विभागात येतात आणि पलीकडे खाटेवर रुग्ण असतो.

१९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. त्या नोंदणीसाठी डी.फार्म.च्या विद्यार्थ्याने किमान तीन महिन्यांत किमान ५०० तास प्रशिक्षण घ्यायचे, त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्यात जायला हवेत. रोज आठ तास धरले तर हे ६३ दिवसांचे काम आहे. ते रुग्णालयात मनापासून केले तर काय हाती लागते, हे जरा तपशिलाने सांगतो.

सुरुवात कपाटापासून होते. स्ट्रिप कोणत्या बाजूने कापायची, हा पहिला धडा. बॅच नंबर आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते त्याच्या उलट टोकाकडून कापत यायचे, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर दोन्ही शाबूत राहतात. मुदत आधी संपणारा माल पुढे, नंतर संपणारा मागे. मालाची मागणी अंदाजाने लिहायची नसते. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा, एवढे साधे गणित आहे. एखाद्या इंजेक्शनच्या रोज ४० व्हायली (छोट्या बाटल्या) लागतात, माल यायला सात दिवस लागतात आणि तीन दिवसांचा राखीव साठा ठेवायचा आहे, तर साठा ४०० वर आला की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाकडून एखादी बॅच परत मागवण्याची सूचना आली की हे सगळे कसोटीला लागते. वॉर्डमधल्या ट्रेमध्ये खोक्यातून काढून सुट्या टाकलेल्या, वेगवेगळ्या बॅचच्या अँप्युल (इंजेक्शनच्या बंद कुप्या) एकत्र झालेल्या असतील, तर कोणती कोणाला टोचली हे सांगता येत नाही. म्हणून वॉर्डला माल मूळ खोक्यात द्यायचा आणि इंडेंटवर (वॉर्डच्या मागणीपत्रकावर) बॅच नंबर लिहायचा.

फ्रिजचेही तसेच. इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. दरवाजातल्या कप्प्यात दर उघडझापीला तापमान चढते आणि बर्फाच्या खणालगत माल गोठतो. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले की दिसायला पूर्वीसारखेच दिसते, पण ते वापरायचे नसते. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, थर्मामीटर पाहूनच करावी. महिनाभर एकाच शाईत, एकाच आकड्याची ओळ लिहिलेले तक्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

आता चिठ्ठी. लहान मुलांचे पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलीग्रॅम असते. सिरप पाच मिलीत १२० किंवा २५० मिलीग्रॅमचे येते. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ म्हणजे १५० मिलीग्रॅम द्यायचे तर थेंबांचे दीड मिली, १२०च्या सिरपचे सव्वासहा मिली आणि २५०च्या सिरपचे तीन मिली होतात. घरी पूर्वी सिरप होते, या वेळी थेंब दिले गेले आणि आईने सवयीने सहा मिली पाजले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलीग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाते. काउंटरवर अर्धा मिनिट थांबून ड्रॉपरवरची खूण बोटाने दाखवली तर हे टळते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर अस्थिमज्जा दबते, तोंडात फोड येतात, रुग्ण दगावू शकतो. म्हणून पाकिटावर "आठवड्यातून एकदा" एवढेच लिहून भागत नाही. "फक्त सोमवारी" असे वाराचे नाव लिहायचे आणि रुग्णाकडून ते एकदा वदवून घ्यायचे.

वॉर्डमध्ये धोका आणखी वाढतो, कारण तिथे बरेचसे औषध टोचून दिले जाते. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलीत ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदीत मिळते. लाल टोपीची सिरिंज ४०साठी, नारिंगी टोपीची १००साठी. १००च्या व्हायलमधले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने १०च्या रेषेपर्यंत ओढले तर पाव मिली येते आणि रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट मिळतात. सिस्टरांच्या हाती व्हायल आणि तिच्याच मापाची सिरिंज एकत्र गेली पाहिजे. हे काम फार्मसीचे आहे.

पोटॅशियम क्लोराइडचे तर आम्ही प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ करून घेतो. १५ टक्क्यांच्या दहा मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. विरळ न करता शिरेत दिले तर हृदय बंद पडते. प्लास्टिकच्या पारदर्शक अँप्युलमध्ये ते निर्जंतुक पाण्यासारखेच दिसते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. एक अँप्युल अर्धा लिटर सलाईनमध्ये घालायची आणि नेहमीच्या वॉर्डात दोन तासांहून लवकर संपवायची नाही, म्हणजे ताशी १० मिलीइक्विव्हॅलंटची मर्यादा पाळली जाते. टांगलेल्या बाटलीत औषध टोचून तसेच सोडले तर ते जड असल्याने तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच बरेचसे रुग्णाच्या अंगात जाते. बाटली खाली उतरवून, औषध घालून, चांगली दहा वेळा उलटसुलट करूनच लावायची. शक्य तिथे ही अँप्युल सामान्य वॉर्डात साठवूच नये, मागणीनुसार फार्मसीतून द्यावी.

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. त्याचे साधा आणि लायपोसोमल (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांत बांधलेला) असे दोन प्रकार आहेत, हे मात्र फार थोड्यांना कळले. लायपोसोमल प्रकार सहसा किलोमागे ५ मिलीग्रॅम देतात, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३०० मिलीग्रॅम, ५०च्या सहा व्हायली. साध्या प्रकाराची मर्यादा किलोमागे दीड मिलीग्रॅम, म्हणजे ९०. दोघांचीही व्हायल ५० मिलीग्रॅमचीच. लायपोसोमलच्या जागी साध्याच्या सहा व्हायली गेल्या तर रुग्ण वाचणे कठीण. शिवाय दोन्ही पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचे, नॉर्मल सलाईनमध्ये चालत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनचे नेमके उलटे आहे: ते सलाईनमध्ये द्यायचे, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण बनतात. सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये मिसळायचे नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमबरोबर साका धरतो.

राउंडला डॉक्टरांबरोबर फार्मासिस्ट असला तर काय फरक पडतो, त्याचे एकच उदाहरण देतो. सत्तर वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४ आले. रिपोर्टवर ते थोडेसेच वाढलेले दिसते. पण १४० मधून वय वजा करायचे, वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचे. उत्तर येते २९.५. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलीच्याही खाली गेली आहे. अशा रुग्णाला एनॉक्सापॅरिन हे रक्ताच्या गुठळ्यांवरचे इंजेक्शन उपचाराच्या मात्रेत दर बारा तासांनी दिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. किलोमागे १ मिलीग्रॅम, दिवसातून एकदाच द्यावे लागते. गणित एका मिनिटाचे आहे, पण ते करायला तिथे कोणीतरी हवे. ओपीडी तुडुंब भरलेल्या डॉक्टरांवर आणि एकाच वेळी वीस खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरांवर ते ढकलणे अन्यायाचे आहे.

डिस्चार्जच्या वेळीही हेच. घरचे औषध एका ब्रँडचे, रुग्णालयाने लिहिलेले दुसऱ्या ब्रँडचे, आतले रक्तदाबाचे टेल्मिसार्टन एकच. अॅस्पिरिनची वेगळी गोळी चालू आणि कोलेस्टेरॉलच्या अॅटोर्व्हास्टॅटिनबरोबरच्या कॅप्सूलमध्येही अॅस्पिरिन आहेच. रुग्णाला घरची पिशवी आणायला सांगा, टेबलावर ओता आणि प्रत्येक पाकिटावरचे जेनेरिक नाव वाचा. याहून चांगली पद्धत आम्हाला माहीत नाही.

नोंदवह्यांबद्दल थोडक्यात: एच-१ यादीतल्या (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या) औषधांची नोंद डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांसह वेगळी ठेवून तीन वर्षे जपायची. मॉर्फिन, फेंटॅनिल ही तीव्र वेदनाशामके दुहेरी कुलपात, रिकाम्या अँप्युल मोजून परत, उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून दोघांच्या सह्या. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर फॉर्म भरून राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे पाठवायचा. खात्री असण्याची अट नाही, संशय पुरतो. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक रुग्णांनाही वापरता येतो.

यात करिअर कुठे आहे, असे पालक विचारतील. डी.फार्म.नंतर जिल्हा परिषद आणि सार्वजनिक आरोग्य विभागात औषध निर्माण अधिकाऱ्याची पदे स्पर्धा परीक्षेतून भरली जातात. बी.फार्म. झालेल्यांना खरेदी, भांडार, दर्जा तपासणी या बाजूंनी वर जाता येते. २००८मध्ये सुरू झालेला फार्म.डी. हा अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे, त्याचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, आणि त्यातून क्लिनिकल फार्मासिस्टचे (डॉक्टरांबरोबर रुग्णाची औषधे तपासण्याचे) काम मिळते. कर्करोगाच्या औषधांची मिश्रणे सुरक्षा कॅबिनेटमध्ये तयार करणे, प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख, औषध माहिती केंद्र, क्लिनिकल ट्रायलचा औषधसाठा ही सगळी वेगळी कौशल्ये आहेत. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांत औषध व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण असल्याने मानांकन हव्या असलेल्या रुग्णालयांना अशी माणसे लागतातच. अडचण दुसरीकडे आहे. बऱ्याच खासगी रुग्णालयांत फार्मसी कंत्राटाने दिलेली असते आणि फार्मासिस्टचे काम दिवसाच्या विक्रीवर जोखले जाते. दहा वर्षांनीही तो त्याच काउंटरवर, त्याच हुद्द्यावर असतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने केंद्राच्या मंजुरीने २०१५मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियम अधिसूचित केले, पण नोकरीच्या पायऱ्या रुग्णालयांनाच बांधाव्या लागतील. रोखलेल्या चुकांची नोंद ठेवा आणि बढतीच्या वेळी तीही पाहा, अशी व्यवस्थापनांना आमची विनंती आहे.

आणि प्रशिक्षणार्थींना खोकी उचलायला किंवा बिले टाइप करायला लावू नका. एका अनुभवी फार्मासिस्टमागे दोघांहून अधिक जण नकोत. ५०० तासांची वाटणी आमच्या मते अशी असावी: ओपीडी काउंटरवर २००, वॉर्डचे इंडेंट तपासून औषधे देण्यात १२०, भांडार आणि शीतसाखळीत ८०, राउंडसोबत ६०, नोंदवह्या आणि दुष्परिणामांचे अहवाल यांत ४०. महाविद्यालयांनी सहीच्या कागदाऐवजी तारीखवार वही मागावी आणि तोंडी परीक्षेत त्यातल्याच चिठ्ठ्यांवर प्रश्न विचारावेत. वही रुग्णांची नावे न लिहिता भरायची, हे पहिल्या दिवशीच सांगावे.

सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी परीक्षा संपायची वाट पाहू नये. जवळच्या जिल्हा रुग्णालयाला किंवा मोठ्या धर्मादाय रुग्णालयाला प्राचार्यांच्या पत्रासह आधीच अर्ज द्यावा आणि ते ठिकाण प्रशिक्षणासाठी ग्राह्य आहे का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. जाताना कॅल्क्युलेटर, खिशात मावणारी वही आणि कायम शाईचा मार्कर बरोबर न्यावा. इन्सुलिनची व्हायल ज्या दिवशी उघडली ती तारीख तिच्यावर लिहावी लागते, कारण उघडल्यावर ती साधारण २८ दिवसच वापरतात आणि मार्कर नसला की ती तारीख राहून जाते.

आपले,
रुग्णालयीन फार्मसीत काम करणारे काही फार्मासिस्ट, पुणे