वय न विचारणाऱ्या मालवणजवळच्या देवबागच्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही "होय, होय" म्हणता आणि विषय बाजारात कुठला मासा आलाय तिकडे नेता. म्हणून हे चार लोकांच्या देखत लिहितेय. आता मधे बोलायची सोय नाही.

आमच्या आबांनी नदीतून वल्हवत समुद्रापर्यंत जायचं मनात घेतलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. जन्म कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला, पोहणं पंचगंगेच्या घाटावर कमरेला डबा बांधून शिकलेलं, तरुणपण तालमीत गेलेलं. गुडघे आता कुरकुरतात, खांदे मात्र शाबूत आहेत. आपली नदी समुद्राला मिळताना आपण कधी बघणार नाही, ही त्यांची जुनी खंत. खोटी नाही ती. कोल्हापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, पण पंचगंगा त्याच्याकडे पाठ करून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत शिरते आणि पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राकडे जाणारी नदी हवी, तर आम्हाला घाट उतरणं आलं.

किनाऱ्यावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं हाकायची लहान होडी, देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी फोन केले. सगळीकडे पहिला प्रश्न, वय किती? आकडा सांगितला की पलीकडून "मॅडम, त्यांना डॉल्फिन दाखवायच्या बोटीत बसवा की." त्यांचं चूक होतं असं म्हणत नाही. पाण्यात कुणाला काही झालं तर निस्तरायचं त्यांनाच. पण आबा शेजारी बसून ऐकत असायचे, आणि फोन ठेवला की उगाच पेपर उलगडायचे.

तुम्ही वय विचारलंच नाहीत. विचारलंत, "पोवूक येता?" मी आबांच्या पोहण्याची टकळी सुरू केली तर ती मधेच तोडून म्हणालात, "घेऊन येवा, बघूया."

त्यातही वार आम्ही ठरवायचा नव्हता. आम्ही रविवार मागत होतो. "आयतवार तुमचो, खाडयेचो नाय," असं म्हणून तुम्ही पौष वद्य अष्टमी दिलीत. ऑफिसात रजेचं कारण काय लिहावं, हा प्रश्न मला पडला होता! आबांना मात्र तुमचा हिशेब एवढा आवडला की आता ते पेठेत भेटेल त्याला तो शिकवतात. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती पुरी आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी, संपणार. खाडीच्या आतल्या अंगाला पाणी थोडं उशिरा उलटतं, तेव्हा साताला निघालं की ओढ आपल्या बाजूची. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, उधाणासारखं पाणी अंगावर येत नाही. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी. दुपारनंतर खारा वारा समोरून सुटायच्या आत पोचायचं. आम्ही पाणी फुटांत मोजणारी माणसं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, की सामान माळ्यावर. आमची नदी चढते ती पावसाळ्यात. रोज दोनदा चढणारी आणि दोनदा उतरणारी नदी आबांना नवलाचीच होती.

आम्ही आदल्या दिवशी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं उतरलो. पहाटे कर्ली नदीवरच्या नेरूरपारच्या पुलाजवळ तुम्ही आबांचं लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितलंत, ते सैल लागलं म्हणून पट्टे पुन्हा आवळलेत आणि त्यांना कंबरभर पाण्यात नेऊन म्हणालात, "आधी पडान दाखवा."

दादा, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे.

तोवर मी धरून चालले होते की ते पुढे बसतील, मागे कोणीतरी वल्हवेल आणि आबांच्या हातात शोभेपुरतं वल्हं असेल. तुम्ही त्यांना एकट्याची कयाक दिलीत, ती पालथी करायला लावलीत, सरळ करायला लावलीत आणि बाजूनं परत वर चढायला सांगितलंत. सुरुवातीला कयाकच त्यांच्या अंगावर आली. मी पुढे झाले तर तुम्ही हातानं मला अडवलंत. आबांना एवढंच सांगितलंत, पोट आडवं टाका, पाय मारा, मग बूड फिरवा. ते चढले. तुमचं लक्ष त्यांच्या मोडलेल्या कानांकडे गेलं आणि तिथून पुढे दिवसभर ते तुमच्यासाठी "पैलवान". घरी त्यांना असं कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील!

मधल्या वाटेबद्दल फार लिहीत नाही, लोक फोटो टाकतातच. वल्हं घट्ट आवळून हातानं ओढू नका, कंबरेतून वळा, हे तुम्ही मला वारंवार सांगत होतात आणि आबांना एकदाही सांगावं लागलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. कांदळवनाच्या कडेनं पाणी उतरू लागलं तशी चिखलातून तिवरांची श्वासमुळं वर आली. बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गुडघाभर पाण्यात उतरल्या. एकीनं आबांना विचारलं, "खंयचे?" आबा म्हणाले, "कोल्हापूर!" आणि वल्हं उंच धरलं. त्या नादात ते हललेच जरा.

तारकर्लीपाशी नदी दक्षिणेला वळते, तिथलं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. उजव्या हाताला माडांची एक पट्टी, आणि तिच्यापलीकडे समुद्राचा आवाज. दिसत काहीच नाही. तो आवाज ऐकत नदीतूनच देवबागेपर्यंत जायचं. आबा तिथं वल्हवायचे थांबले. सुकती त्यांना आपसूक पुढे नेत होती. तुम्ही मागून म्हणालात, "पाणी तुमका न्हेतला." टुरिस्ट बोटी सुरू झाल्या तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, लाटेकडे, आडवं राहायचं नाही!

आणि मुखाच्या अलीकडे तुम्ही सगळ्यांना उजव्या काठाला घेतलंत. समोर समुद्र उघडा दिसत होता, आबांचा चेहरा मी बघत होते, त्यांना तसंच पुढे जायचं होतं. तुम्ही पाण्याकडे बोट दाखवून समजावलंत. नदी बाहेर पडतेय, लाट आत येतेय, दोघी समोरासमोर आल्या की लाट उभी राहून फुटते. खालची वाळूही दर पावसाळ्यात जागा बदलते. तुम्ही त्यांना वयाचं कारण दिलं नाहीत, पाण्याचं दिलंत. आमच्या घरात डॉक्टरचंसुद्धा न ऐकणारा माणूस मुकाट्यानं काठाला लागला. मग वाळू ओलांडून, तुमच्या खांद्यावर हात ठेवून ते पलीकडे चालत गेले आणि कमरेएवढ्या लाटेत उभे राहून ओरडले, "खारट हाय की रं!"

परत निघताना तुम्ही ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तेवढा ठेवून घेतलात, तोही वहिनींनी मागून खूण केली म्हणून.

घरी परतल्यावर आबांनी आमच्याशी वाद घालून घाटावर पुन्हा पोहायला जायला सुरुवात केलीय. नदीच्या पाण्याची आजकालची तऱ्हा पाहता मला ते फारसं पसंत नाही, पण आता नको म्हणायचं तर मला वयाखेरीज दुसरं कारण शोधावं लागतं. ही सवय तुम्ही लावलीत.

पावसाळ्यात तुमच्या बोटी काठावर असतात तेव्हा वहिनींना आणि मुलांना घेऊन कोल्हापूरला या. तांबडा-पांढरा घरीच करू, आबा तुम्हाला तालीम दाखवतील. निघायच्या आधी फोन तेवढा करा. घाटात दरड आलीय का आणि पंचगंगा किती फुटांवर आहे, ते बघून सांगते.

आपली,
पैलवानांची मुलगी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर