आई-बाबा, या वेळी तुम्हीच इकडे या

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, आई मधेच रडायला लागते आणि बाबा तुम्ही "बरं बरं, जपून राहा" म्हणून फोन परत तिच्याच हातात देता, म्हणून सविस्तर लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा. मी ठीक आहे, बाळ ठीक आहे, वजन महिन्याप्रमाणे आहे, दिवसभर लाथा चालू असतात, संध्याकाळी तर जास्तच.

आधी मुख्य गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, आईने गोधड्या पण शिवायला घेतल्यात हे मला माहितीये, पण मी आजऱ्याला येणार नाहीये. डिलिव्हरी इथे पुण्यातच होणार, जिथे हार्टचे डॉक्टर त्याच बिल्डिंगमध्ये असतात अशा हॉस्पिटलमध्ये. का ते सांगते.

मला पाचव्या महिन्यापासून दम लागतोय हे तुम्हाला माहितीच होतं. तेव्हा सगळे म्हणाले पोटुशी बाईला धाप लागतेच, आणि ते खोटं नाहीये, आमच्या गायनॅक मॅडमनी पण समजावलं की गरोदरपणात शरीरातली हार्मोन्सच श्वास खोल घ्यायला लावतात, बाळासाठी ऑक्सिजन जास्त लागतो, नंतर गर्भाशय वर सरकतं आणि छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, त्यामुळे जिना चढला की थांबावं वाटतं. असा दम हळूहळू येतो, बसलं की दोन मिनिटात जातो, बोलताना वाक्य तुटत नाही आणि रात्री झोपेतून उठवत नाही.

माझा दम तसा राहिला नव्हता. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, मग मी भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागले. मध्यरात्री एकदम जाग यायची, श्वास पुरायचा नाही, खिडकी उघडून गजांना धरून उभी राहायचे तेव्हा कुठे बरं वाटायचं. सोबत कोरडा खोकला, तो पण रात्रीच, आणि नुसतं बसले असताना छातीत धडधड. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर त्यांनी छातीला हात पण न लावता ॲसिडिटीची गोळी आणि खोकल्याचं औषध दिलं, म्हणाले सातव्यात असं होतंच. तुमचे जावई मात्र ऐकेनात, ते रोज रात्री माझ्याबरोबर जागे असायचे ना, त्यांनी सरळ गायनॅक मॅडमना फोन लावला आणि त्यांनी विचारलं एकच, सपाट झोपता येतं का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या आत्ताच्या आत्ता या.

तिथे मॅडमनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही, मला डाव्या कुशीवर वळायला लावून परत ऐकलं. बोटाला ऑक्सिजन बघायचं मशीन लावलं, बीपी बघितलं, दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या सूज एकाच पायाला तर नाही ना म्हणून, रक्त घेतलं आणि इको करायला पाठवलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बाबा, त्यात एक्स-रेसारखं काही नसतं, बाळाला काही होत नाही. त्यात कळलं की माझ्या हृदयाची डावीकडची झडप, तिला मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात, ती अरुंद झालीये. साधारण माणसाची 4 ते 6 चौरस सेंटीमीटर उघडते, माझी 1.7 उघडते. डॉक्टरांच्या भाषेत माइल्ड, म्हणजे सौम्य. एरवी मला आयुष्यभर कळलंही नसतं कदाचित, पण गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ठोकेही वाढतात. बाबा, पाटाचं दार अर्धंच उघडत असेल आणि वरून पाणी दीडपट सोडलं तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार, मागे तुंबतं. माझं ते तुंबणं फुप्फुसात होतं, म्हणून आडवं झालं की धाप. आणि हे रक्ताचं प्रमाण सातव्या-आठव्या महिन्यात सगळ्यात जास्त असतं म्हणून आत्ताच बाहेर आलं.

आता आई, हा पुढचा भाग तुझ्यासाठी आहे. कार्डिओलॉजिस्टनी, म्हणजे हार्टच्या डॉक्टरांनी, मला विचारलं लहानपणी घसा दुखून ताप आला आणि मग सांधे सुजले असं कधी झालं होतं का. मला लगेच आठवलं, मी पाचवी-सहावीत असताना आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग कोपर, तू निगडीचा पाला गरम करून बांधायचीस आणि शाळेत बाबा मला सायकलवर बसवून न्यायचे. त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशातल्या एका जंतूमुळे होतो, 5 ते 15 वर्षांच्या पोरांना जास्त, शरीर त्या जंतूशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उठतं. सांधे पूर्ण बरे होतात, झडपेवरची इजा राहते आणि वर्षानुवर्षं हळूहळू ती जाड होत जाते. आपल्याकडे तेव्हा सगळे म्हणाले वाढत्या वयाचं वातूळ दुखणं आहे आणि महिन्याभरात मी पळायला पण लागले, मग कोण कशाला हृदय तपासेल. तू त्या रात्री जागून काढल्यास, पाला बदलत बसायचीस, ते मला सगळं आठवतंय, त्यामुळे "माझ्याकडून दुर्लक्ष झालं" हे वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाहीये. आणि हे बाळाला माझ्याकडून जात नाही, जन्माचं दुखणं नाहीये हे, हे पण मी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतलंय कारण तू तेच पहिलं विचारणार होतीस.

दुसरी गोष्ट रक्ताची. माझं हिमोग्लोबिन 9.6 निघालं, गरोदरपणात 11 च्या वर हवं. रक्त कमी असलं की हृदयाला आणखी पळावं लागतं, म्हणजे आधीच अरुंद दार आणि त्यात घाई. हे मात्र माझ्या एकटीचं नाही, 2019-21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्त कमी निघालं होतं. आता लोहाची गोळी चालू आहे, चहाबरोबर नाही घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर घेते, आणि सलाईनमधून लोहाचं इंजेक्शन पण दिलंय.

औषधं सांगते म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको. ठोके कमी ठेवायची मेटोप्रोलॉल नावाची गोळी आहे, ठोके संथ झाले की त्या अरुंद झडपेतून रक्त पुढे जायला जास्त वेळ मिळतो. लघवीवाटे जास्तीचं पाणी काढायची गोळी सुरुवातीला थोडे दिवस दिली, आता बंद आहे. आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तो घशाचा जंतू परत येऊन झडप आणखी खराब करू नये म्हणून, ते बाळंतपणानंतरही बरीच वर्षं घ्यायचंय. कंबरेत दुखतं खूप पण ते जाऊ दे. बाबा, तुम्ही म्हणाल एवढ्या गोळ्या पोटात बाळ असताना कशाला, मी पण हेच विचारलं होतं, तर डॉक्टर म्हणाले यातली प्रत्येक गोष्ट गरोदरपणात देता येते म्हणूनच निवडलीये, बाळाचं वजन आम्ही सोनोग्राफीत बघत राहू, आणि आईला श्वास पुरला नाही तर बाळाला ऑक्सिजन कुठून येणार. मला ते पटलं. गोळ्या सुरू झाल्यापासून मी दोन उशांवर झोपते आणि रात्रभर झोपते. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

आता पुण्यातच का. तारीख ऑगस्टच्या मध्यातली आहे. आजऱ्याहून कोल्हापूर 80 किलोमीटरच्या पुढे, त्यात ऑगस्टचा आपल्याकडचा पाऊस, 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी आलं तेव्हा कोल्हापूरजवळ हायवेच बंद पडला होता हे तुम्ही स्वतः बघितलंय. साध्या बाळंतपणाला आपल्याकडे चांगली सोय आहे, मला तिथल्या डॉक्टरांबद्दल काही म्हणायचं नाहीये, पण माझ्या वेळी गायनॅक, हार्टचे डॉक्टर आणि भूल देणारे तिघं एकाच वेळी लागणार. सीझरच करायचं असं नाहीये हं आई, उलट जमलं तर नॉर्मलच करायचा विचार आहे, पाठीतून इंजेक्शन देऊन कळा सुसह्य करतात म्हणजे ठोके फार वाढत नाहीत, आणि मला फार वेळ जोर लावू देणार नाहीत, शेवटी व्हॅक्यूम लावून मदत करतील. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायचं एक नेहमीचं इंजेक्शन आहे, मेथर्जिन, ते मला चालत नाही, ते फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलंय. आणि खरी जोखीम बाळ झाल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस असते कारण गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं, तेव्हा मला एक-दोन दिवस आयसीयूत ठेवतील, तुम्ही आयसीयू शब्द ऐकून हादरू नका, ते आधीच ठरलेलं आहे.

म्हणून तुम्ही या. आई, तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात ये, बाबांची रोपलावण तेव्हा चालू असणार तर ते नंतर आले तरी चालेल, पण ऑगस्ट लागला की दोघंही इथे हवेत मला. सासूबाई पण म्हणाल्या विहीणबाई असल्या की मला धीर येईल, त्या खरंच घाबरल्यात. बाळंतिणीचं सगळं तू तुझ्या पद्धतीने कर, तेल लाव, हळिवाचे लाडू कर, फक्त कोंडलेल्या खोलीत शेगडी आणि धुरी नको, मला मोकळी हवा पाहिजे. आणि लोणचं, खर्डा, पापड पाठवू नकोस या खेपेला, मीठ कमी करायला सांगितलंय कारण मिठाने अंगात पाणी धरतं. घनसाळचा तांदूळ मात्र घेऊन ये, तो कुणी बंद केलेला नाहीये.

आणखी एक काम करा माझ्यासाठी, दोघांनी मिळून. शेजारच्या काकूंची सून पाचव्यात आहे, आई परवा म्हणत होती की तिला पण दम लागतो आणि काकू म्हणतात नाटकं करते. तिला आई तू स्वतः जाऊन विचार, सपाट झोपता येतं का, रात्री धाप लागून उठते का, बोलता बोलता थांबावं लागतं का, छातीत धडधड किंवा चक्कर आहे का, खोकला आहे का. यातलं एक जरी हो असेल तर थांबायचं नाही, आशाताईंना सांगून दाखवून आणा, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, पण त्रास जास्त असेल तर 9 तारखेची वाट पण बघायची नाही. आणि एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, ओठ निळे पडले, थुंकीत रक्त किंवा गुलाबी फेस दिसला, एकच पाय सुजून दुखायला लागला, नाहीतर डोकं फार दुखून डोळ्यापुढे अंधारी आणि धाप, तर सरळ 108 ला फोन. तिला दम्याचा पंप असेल तर तो पोटातल्या बाळाला वाईट म्हणून कुणी बंद करायला लावू नका, तो चालूच ठेवायचा असतो. काकूंना राग आला तर येऊ दे. मला जेव्हा कुणीतरी नीट विचारलं तेव्हाच माझं कळलं, त्या पोरीला विचारणारं घरात कुणी नाहीये, तिचा नवरा मुंबईला असतो.

बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीत मी शाळेत असतानाचे दवाखान्याचे कागद असतील, तुम्ही पावती पण टाकत नाही. त्या सांधे सुजण्याच्या वेळचं काही सापडलं, रक्ताचा रिपोर्ट, चिठ्ठी, काहीही, तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, कार्डिओलॉजिस्टनी मागितलंय. फोटो काढताना कागद उन्हात ठेवा, मागच्या वेळी सातबाऱ्याचा पाठवला होता तो अजिबात वाचता येत नव्हता. नाही सापडलं तरी हरकत नाही, पण आई त्या वेळी कोणत्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि इंजेक्शनं दिली होती का एवढं आठवून ठेव, रविवारी सकाळी मी फोन करेन तेव्हा सांग.

तुमची,
चिमी