चार नाटकं आणि एकच दार

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, आपल्या हौशी ग्रुपने एका सीझनला चार वेगवेगळी नाटकं कशाला, एकच काय ते नीट करा की. मेसेजवर उत्तर देण्यासारखं नाहीये हे, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलेय.

यंदा आधी फार्स, मग बालनाट्य, मग 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि शेवटी नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस'. परवानग्या सगळ्यात आधी घेतल्या, इब्सेन कितीही जुना असला तरी अनुवादकाला विचारावं लागतंच. या चौघांचा एकमेकांशी काय संबंध असं तुला वाटणार, मलाही आधी तसंच वाटत होतं, पण नेपथ्याचं सामान काढलं आणि लक्षात आलं की आपल्याकडे चौकटीसकट धड असं एकच दार आहे, मागून तिरका टेकू लावून त्यावर वजन ठेवून उभं करतो ना आपण, तेच, आणि ते तीन नाटकांत लागणार आहे.

फार्समध्ये ते हात लावला की उघडायला हवं आणि धाडकन आपटलं तरी बाजूचा फ्लॅट, म्हणजे भिंत म्हणून लावलेली कापडाची चौकट, हलता कामा नये, फ्लॅट हलला की प्रेक्षकाला घर दिसायचं बंद होतं आणि रंगवलेलं कापड दिसायला लागतं. एक आत, दुसरा त्याच क्षणी बाहेर, जरा उशीर झाला की लाफ्टर गेलाच! म्हणून जमिनीवर खडूच्या खुणा करून भागवलं नाही, पहिल्या तालमीपासून खरं दार उभं केलं, कडीची सवय हाताला लागायला हवी. लोक फार्सला हलकंफुलकं म्हणून सोपं समजतात ते मला अजिबात पटत नाही. गंभीर नाटकात एखादा पॉज लांबला तर प्रेक्षक सांभाळून घेतो, फार्समध्ये कोणी सांभाळून घेत नाही.

आणि मग तीच कडी 'शांतता'मध्ये. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलेलं, तुला पाठच आहे, सुरुवातीलाच नायिकेचं, बेणारेचं बोट कडीत सापडतं आणि पुढे ती निघून जायला बघते तेव्हा दार बाहेरून बंद झालेलं असतं. म्हणजे जे दार फार्ससाठी तेल घालून सैल केलं ते आता उघडायलाच नको. पण खरी गोष्ट दाराची नाहीच रे. या नाटकातली माणसंही हौशी नाटकवालीच, रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटा खटला चालवणारी, आणि खेळता खेळता एका बाईला घेरणारी. आपल्यासारख्यांनी हे करायचं म्हणजे लपायला जागाच नाही. फार्समध्ये ज्याने पोट धरून हसवलं त्यालाच इथे सुखात्मे वकील दिलाय. प्रेक्षक आधीच्या ओळखीने त्याला बघून हसायला लागणार आणि मग ते हसू घशात अडकणार! हे एका सुट्या नाटकात होऊच शकत नाही, त्याला तोच ग्रुप, तेच प्रेक्षक आणि मागचं नाटक डोक्यात असणं लागतं. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

बालनाट्य मुद्दाम मध्ये ठेवलंय, फार्सवाल्यांना श्वास मिळतो आणि नवीन पोरांना स्टेज. तिथे दारबिर काही नाही, एक दोरी आणि दोन चादरी, पण मुलं कंटाळली की तोंडावर मोठ्याने बोलायला लागतात, आपल्या सिनियर लोकांनी वर्षातून एकदा तरी त्यांच्यासमोर उभं राहावं असं मला फार वाटतं.

आता तुझं काम. 'डॉल्स हाउस' १८७९ चं, तरी तो शेवट अजून अंगावर येतो, नोरा घर सोडून जाते, तिचा नवरा हेल्मर एकटा उरतो आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. प्रेक्षकाला ते दार दिसतच नाही. रेकॉर्डिंग नको म्हणून मी हट्ट धरलाय, आपलं तेच दार विंगेमागे नेऊन प्रत्येक प्रयोगाला खरंखुरं आपटायचं. पण लाइट कधी काढायचा यावर आमचं एकमत होत नाहीये. बाकीचे म्हणतात आवाजाबरोबर ब्लॅकआउट, मला वाटतं आवाजानंतरही हेल्मरवर लाइट थोडा रेंगाळावा. तू नाटक परत एकदा वाच आणि किती सेकंद ते मला कळव, आणि रंगीत तालमीला लाइट कमी-जास्त करायच्या डिमरवर तूच बस, तारीख ठरली की लगेच फोन करते.

तुझीच,
मैत्रीण