बालवाडीच्या ताईंना, ओमच्या सुजलेल्या पापण्यांबद्दल

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. ओमच्या पापण्या सुजलेल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला दिसत होत्या, पण त्याच्या पायांकडे फक्त तुम्ही पाहिलंत.

सासूबाईंनी रांजणवाडी समजून लवंग उगाळली. शेजारच्या काकू म्हणाल्या, डास चावला असेल. आणि घोडबंदर रोडला राहणाऱ्यांकडे धुळीचं कारण बारा महिने तयारच असतं! केमिस्टकडून ॲलर्जीचे थेंब आणले. दुपारपर्यंत सूज उतरायची, म्हणजे थेंब लागू पडले असं आम्ही धरून चाललो.

ती उतरून जाते कुठे, हे तुम्ही दाखवलंत. शाळा सुटताना त्याचा मोजा खाली केलात, तर इलॅस्टिकचा खोल वळ. नडगीवर अंगठा दाबलात, तर खड्डा पडला आणि लवकर भरेना. ‘‘दोन्ही डोळे सुजतात, पण खाज नाही, लाली नाही, दुखणं नाही. डोळ्याचं वाटत नाही हे. मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि लघवी तपासून घ्या.’’

लघवीत पट्टी बुडवली आणि पिवळ्याची हिरवी झाली. प्रोटीन थ्री प्लस, म्हणजे भरपूर. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, कोलेस्टेरॉल वाढलेलं. निदान : नेफ्रोटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं निसटतात आणि अंगात पाणी साठतं. रात्री आडवं झोपलं की ते पापण्यांच्या पातळ, सैल कातडीखाली जमतं. दिवसा हिंडलं-फिरलं की पायांत उतरतं.

डॉक्टरांनी फरकही समजावला. रांजणवाडी बहुधा एकाच पापणीला, केसाच्या मुळाशी, लाल आणि ठणकणारी. कोमट शेकाने सहसा आठवडाभरात बसते. ॲलर्जी असेल तर बहुधा खाज असते. एक डोळा लाल होऊन सुजला, ताप आला, बुबुळ हलवताना दुखलं किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसला, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

स्टेरॉइड म्हटल्यावर घरात रणकंदन झालं. तरी सुरू केलं : सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड, आणि मनाने बंद करायचं नाही. बहुतेक मुलांना पहिल्या चार आठवड्यांत गुण येतो. ओमला त्याच्या आतच आला. सूज होती तोवर पापड, लोणचं, फरसाण बंद. (त्या दिवसांत त्याच्या बाबांनीही फरसाण चोरूनच खाल्लं.) आता रोज सकाळी पट्टी बुडवून वहीत टिपते. पुन्हा उलटू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

दुसरे आभार कांजिण्यांचे. वर्गातल्या एका मुलाला निघाल्या, तेव्हा तुम्ही रात्रीच फोन केलात. स्टेरॉइडवरच्या मुलाला त्या फार जड जाऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला लगेच बोलावून घेतलं. सकाळची वाट पाहिली नाहीत, हे फार बरं केलंत.

सोमवारपासून त्याला पाठवतेय. गोळ्यांनी गाल वर आलेत आणि भूक भयंकर लागते, तेव्हा डबा दोन कप्प्यांचा असेल. फॉर्मवर कांजिण्यांच्या लशीचा रकाना रिकामा दिसेल. तसल्या जिवंत लशी डॉक्टरांनी सध्या पुढे ढकलल्यात. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आपली,
ओमची आई
ठाणे