खुर्ची भाड्यानं दिली तर मालक कोण?

पुणे,
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

आज सोमवार, दुकान बंद, म्हणून निवांत लिहायला बसले. आमच्या रस्त्यावरची बाकीची सलून सोमवारीही उघडी असतात. गिऱ्हाइकं विचारतात, तुम्हीच कशा बंद ठेवता? मी म्हणते, आमच्या बाबांचं दुकान सोमवारी बंद असायचं. त्यांना हे उत्तर वाटत नाही, मला वाटतं.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "खुर्ची भाड्यानं दिलीस तर मग मालक कोण?" आणि फोन आईच्या हातात दिलात. आईनं हुरड्याचं सांगितलं, विषय तिथंच राहिला. फोनवर मला हिशेब सांगता येत नाही. तुम्ही "हां, हां" करत जाता आणि मी घाईत आकडे चुकते. म्हणून पत्र. आई, तूच वाचून दाखव. त्यांनी चष्मा बदलून घेतला नसणार, मला माहीत आहे.

तर दुकानात पाच खुर्च्या. एकीवर मी, बाकी चारांवर चौघं. तुम्ही त्यांना कारागीर म्हणता. इकडं आलात की त्यांच्यासमोर म्हणू नका, ते स्टायलिस्ट आहेत. पगारी कुणीच नाही. आजवर सगळ्यांशी एकच ठराव होता. केलेल्या कामातले ४५ टक्के त्यांचे, ५५ दुकानाचे, आणि रंग, शाम्पू, केराटिन सगळं मटेरियल दुकानाचं.

दिवाळीनंतर त्या चौघांतली मणिपूरची मुलगी माझ्याकडं आली. रंगाच्या कामात तिच्यासारखा हात मी अजून पाहिलेला नाही. म्हणाली, "दीदी, मला टक्के नकोत, खुर्ची भाड्यानं द्या." तिचं काम महिन्याला ९०,०००चं होतं. टक्क्यानं तिला ४०,५०० मिळतात. "बाकीचे कुठं जातात?" असं तिनं तोंडावर विचारलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुमची मुलगी आहे.

रात्री वही घेऊन बसले. जागेचं भाडं, लाइट, पाणी, झाडूवाल्या मावशी, अपॉइंटमेंट लिहून घेणारी मुलगी, सगळं मिळून महिन्याला १,२०,०००. म्हणजे खुर्चीमागं २४,०००. समजा कामाचे सगळे पैसे तिचे, खुर्चीचं भाडं २८,००० धरलं आणि मटेरियल तिचं तिनं आणलं, साधारण कामाच्या दहा टक्के, तर ९०,०००च्या कामात तिच्या हातात ५३,००० राहतात. साडेबारा हजार जास्त. तेच लातूरच्या पोराला लावून पाहिलं. तो नवा आहे, त्याचं काम ४०,०००चं. टक्क्यानं त्याला १८,००० मिळतात; खुर्ची भाड्यानं दिली तर ८,०००. आठ हजारांत पुण्यात कॉट बेसिस आणि मेस भागली तरी नशीब.

मग माझी बाजू मांडली. त्या मुलीच्या खुर्चीतून मटेरियल वजा जाऊन मला ४०,५०० राहतात. पोराच्या खुर्चीतून १८,०००, म्हणजे खुर्चीचा खर्चसुद्धा निघत नाही, दरमहा ६,००० कमी पडतात. ते मी घालते अशी माझी समजूत होती. तसं मी त्याला दोनदा ऐकवलंही होतं. वही बघितल्यावर कळलं की ते पैसे मी घालतच नव्हते, ती पोरगी घालत होती. त्या रात्री झोप लागली नाही, आई.

दोन्ही पद्धती सारख्या पडतात तो आकडा काढला : ६२,०००च्या आसपास. त्याहून जास्त काम असेल तर भाडं परवडतं, कमी असेल तर टक्का. मोठा शोध लागल्यासारखी मी तो कागद घेऊन सीएंकडं गेले. त्यांनी चहा मागवला आणि कागदावर काट मारली. गिऱ्हाइकाच्या बिलावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ वरून ५ झालाय, हे खरं. मटेरियलवर भरलेल्या कराची वजावट मात्र आता मिळत नाही. पण खुर्चीचं भाडं म्हणजे काही केस कापणं नव्हे, त्याला १८ टक्केच. म्हणजे २८,०००चे ३३,०४० झाले आणि माझा ६२,०००चा आकडा गेला ७३,०००वर. तिला मी सगळं मांडून दाखवलं. तिच्या हातात आता ५३,००० नाही, ४७,९६० राहतील. तिनं मोबाइलवर स्वतः गुणून बघितलं आणि म्हणाली, "तरीही सात हजार जास्तच आहेत."

सीएंचं पुढचं बोलणं पैशापेक्षा जड गेलं. तिच्या गिऱ्हाइकाचे पैसे तिच्या क्यूआरवरच गेले पाहिजेत. माझ्या खात्यात आले की ती माझी उलाढाल धरली जाते, मग भाड्याचा करार कागदापुरताच. तिचं वर्षाचं काम पावणेअकरा लाखांच्या घरात जातं, जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेपर्यंत ती पोचत नाही. आणि वेळ, दर, सुटी, कपडे हे मी ठरवायचं नाही. ते म्हणाले, "कागदावर भाडेकरू लिहा नाहीतर आणखी काही, तुम्ही वागवता नोकरासारखं तर उद्या नोकरच धरतील." म्हणजे आमचा काळा टी-शर्ट तिला सक्तीचा नाही. लग्नसराईत रविवारी ती आली नाही तर मी फोन करून ओरडायचं नाही.

इथं मला तुमचा प्रश्न खरा कळला, बाबा.

दोन दिवस तोच घोळत होता आणि मला आजोबा आठवत होते. मी त्यांची धोकटी, वस्तरा-कात्रीची ती पिशवी, फक्त खुंटीला टांगलेली पाहिली. पण तुम्ही सांगितलेलं सगळं लक्षात आहे. वर्षभर कुणी पैसा द्यायचा नाही, सुगी झाली की खळ्यावर जायचं, जोंधळा आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन यायचं. घरात एक दाढी आहे की पाच, कुणी मोजत नव्हतं. जावळ असो, लग्न असो, मयत असो, बोलावलं की जायचं. १९७२च्या दुष्काळात खळीच झाली नाहीत. बलुतं आलं नाही, पण दाढ्या काही थांबल्या नाहीत. मग ते धोकटी घेऊन बार्शीला आले आणि भगवंताच्या देवळाकडच्या रस्त्यावर आरसा टेकवून बसले. वस्तरा त्यांचाच, हात त्यांचाच. गावात गिऱ्हाईक नाकारायची सोय नव्हती. रस्त्यावर बसल्यावर ती मिळाली. त्यांनी किती वेळा नाकारलं कुणास ठाऊक, बहुतेक एकदाही नाही.

तुमच्या दुकानात निम्मे-निम्मे. दुकान बंद केल्यावर सेना महाराजांच्या तसबिरीला उदबत्ती, मग गल्ला टेबलावर पालथा. फळीवर खडूनं ज्याच्या त्याच्या नावापुढं रेघा. मी त्या मोजायचे, तुम्ही नोटा. माझा पाढा तिथं पक्का झाला. तो ठराव वाईट नव्हता, ४५पेक्षा तर बराच चांगला. पण उचल? लग्न म्हणून उचल, घर शाकारायचं म्हणून उचल, आणि उचल फिटेपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही. तो एक हलला. नाव लिहीत नाही, आई वाचतेय. उचल बुडवून गेला आणि बरोब्बर समोर दुकान टाकलं. कित्येक वर्षं तुम्ही त्या बाजूला मान वळवली नाही, आणि आम्हा पोरांनाही वळवू दिली नाही.

तेच डोक्यात ठेवून मी करारात कलम घालायला निघाले होते : सोडून गेल्यावर वर्षभर दोन किलोमीटरच्या आत काम करायचं नाही. वकीलबाई हसल्या. सोडून गेलेल्या माणसाला धंदा करायला बंदी घालणारी अट टिकत नाही, करार कायद्याचं २७वं कलम. कायदा १८७२चा आहे, बाबा. म्हणजे समोरचं दुकान उघडलं तेव्हाही तो होताच. कलम खोडलं. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस आणि महिन्याचं डिपॉझिट, एवढंच ठेवलं.

तर १ मार्चपासून ती मुलगी खुर्चीच्या भाड्यावर. टॉवेल, वॉश बेसिन, लाइट, एसी त्यातच. सरकारनं दुकान बंद करायला लावलं तर तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, हे मी आपणहून लिहिलं. २०२०मध्ये मार्चपासून बंद पडलेली दुकानं २८ जूनला उघडली, तीही कटिंगसारख्या मोजक्या कामांना, दाढी नाही. तेव्हा जागामालकाशी तुम्ही कसे बोलत होता ते मी दाराआडून ऐकलंय.

बाकी तिघं टक्क्यावरच. पण ४०,०००पर्यंत ४५ आणि त्यापुढच्या कामाला ५५, आणि मोबाइलवर ज्याचा त्याचा हिशेब रोज रात्री दिसणार. रेघा मोजणारी पोरगी आता नको.

एक गाठ अजून सुटलेली नाही. दुकानाचं पॅकेज असतं : गिऱ्हाईक आगाऊ १०,००० भरतं आणि १२,०००चं काम करून घेतं. इतके दिवस मी टक्का १०,०००वर देत होते. लातूरचा पोरगा म्हणाला, "ताई, सूट तुम्ही दिली, कात्री मी बारा हजारांची चालवली." बरोबर आहे त्याचं. आता टक्का दरपत्रकावर देणार, सूट दुकानाची. पण पॅकेजवालं गिऱ्हाईक जर मणिपूरच्या मुलीकडंच हट्टानं बसलं, तर? पैसे आधीच माझ्याकडं आलेले, खुर्ची तिची. तिचं बिल मी भरायचं असं सध्या तोंडी ठरलंय. महिन्याला दोन-तीन असतील तोवर ठीक आहे. वाढली तर पॅकेजच बंद करीन. बलुत्याची आठवण येते त्या पॅकेजांनी. पैसे एकदाच आणि दाढ्या मोजायच्या नाहीत. फरक एवढाच की इथं गिऱ्हाईक आधी देतं.

मालक कोण, याचं मी तुम्हाला उत्तर दिलेलं नाही, मला कळतंय. जागेचा करार माझ्या नावावर आहे आणि नळ गळला की रात्री फोन मला येतो. तूर्त एवढंच सांगू शकते.

आता काम तुमच्याकडं आहे. श्रावणात दाढी-कटिंग बसतं, पितृपक्षात तर विचारूच नका. टक्क्यावरचा माणूस त्या दिवसांत मरतो. मोठी सलून काही रक्कम हमीची ठेवतात, 'मिनिमम गॅरंटी' म्हणतात त्याला. मी रोजी ५०० धरलेत, आठवड्याचा टक्का त्याहून कमी भरला तर वरचे दुकान घालेल. हे लिहिताना आठवलं की तुम्ही हे आधीच करत होता, आपण त्याला खर्ची म्हणायचो. श्रावणात काम नसलं तरी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर खर्ची. ती पुढं दिवाळीच्या कमाईतून कापायचात की सोडून द्यायचात? आई म्हणते सोडून द्यायचे, तुम्ही म्हणता पै न् पै कापली. लाल कापडाची ती लांबट वही माळ्यावर असेल, पत्र्याच्या पेटीत, उचलीच्या पानांच्या मागच्या बाजूला. रविवारी मामाचा पोरगा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर द्या. मी बघते कोण खरं बोलतंय.

हुरडा पोचला. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
छबी