मास्तर, भिंग इथेच राहिलंय

डिचोली, गोवा

मास्तर,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरें बरें" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता ठेवा फोन!

आमच्या छापखान्यात जत्रेच्या स्मरणिकेचं काम. छपाईची प्लेट जिच्यावरून करतात ती पानाची पारदर्शक फिल्म काढून देणाऱ्यांनी तो धंदाच बंद केला, म्हणून आम्ही पहिल्यांदा सीटीपीच्या, म्हणजे संगणकावरून लेझरनं थेट होणाऱ्या, प्लेटा मागवल्या. मशीन तेच, शाई तीच, कागद तोच. आणि पालखीच्या फोटोतले सगळे चेहरे काळवंडलेले. जाहिरातींमागची ५ टक्क्यांची टिंट, म्हणजे बारीक ठिपक्यांची फिकट छटा, आजवर कधी धड दिसली नव्हती, ती धुरकट डागासारखी वर आली. शाई कमी केली तर मजकूर फिका. प्लेटवाले म्हणत मशीन बघा, आमचा मशीनमन म्हणे प्लेट बघा. जत्रा नऊ दिवसांवर.

रविवारी तुम्ही म्हापशाहून कदंबच्या बसनं आलात. कपाटातली गेल्या वर्षीची पॉझिटिव्ह फिल्म, तिच्यावरून केलेली प्लेट आणि ही नवी प्लेट शेजारी शेजारी मांडलीत, खिशातलं भिंग काढलंत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. चहा निवला. मग म्हणालात, "फिल्मच्या वेळी उजेड तुझे ठिपके खायचा. लेझर खात नाही."

बाबांच्या हाताखाली वाढूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छापलेला फोटो म्हणजे लहानमोठे ठिपकेच. पॉझिटिव्ह प्लेटवर जिथे उजेड पडतो तिथला थर डेव्हलपरमध्ये धुऊन जातो. व्हॅक्यूम फ्रेममध्ये फिल्म कितीही घट्ट बसवली तरी उजेड कडेनं तिरका आत शिरतो आणि प्रत्येक ठिपका चहूबाजूंनी थोडा कुरतडतो. बारीक ठिपके तर पार नाहीसे होतात. इतकी वर्षं आमचे फोटो त्या हिशेबानंच गडद करून ठेवायची सवय लागली होती. सीटीपीत मधली फिल्मच नाही. लेझर थेट प्लेटवर लिहितो, जेवढा ठिपका फाइलमध्ये तेवढाच प्लेटवर. म्हणजे नवी प्लेट खरं बोलत होती आणि आमची फाइल जुन्या खोटेपणाला सरावलेली.

तुम्ही ५, १०, २५, ५०, ७५, ९० टक्के टिंटांची पट्टी आमच्याच मशीनवर छापून घेतलीत, जुन्या छपाईशी ताडून पाहिलीत आणि प्लेटवाल्यांना कर्व्ह, म्हणजे फाइलमधला ठिपका प्लेटवर किती लहान करायचा तो हिशेब, कुठे किती खाली घ्यायचा ते कागदावर लिहून दिलंत. दुसऱ्या खेपेच्या प्लेटांवर चेहरे चेहऱ्यांसारखे आले.

फिल्मसाठी गळा काढणाऱ्यांतली मी नाही. डेव्हलपरनं बाबांची बोटं फाटलेली मी पाहिली आहेत. लाल टेप, धुळीचे ठिपके, प्लेटवर उमटलेली फिल्मच्या कडेची रेघ डिलीशन पेननं पुसत बसणं, यातलं काहीही परत नको. पावसाळ्यात पाकिटातल्या फिल्मा एकमेकींना चिकटायच्या, ते वेगळंच. पण लाइटटेबलावर पेस्टिंग करताना चूक डोळ्यांसमोरून जायची. एखादा रफार उडालेला दिसला तर तेवढी ओळ कापून दुसरी चिकटवता यायची. आता तो उडालेला रफार थेट प्लेटवर येतो आणि अख्खी प्लेट भंगारात. स्क्रीनवरचं पान बघून होकार देऊ नकोस, रिपमधून, म्हणजे पानाचे ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, निघालेलं प्रूफ माग, हे तुम्हीच शिकवलंत. गोव्यात १६१६ साली राशोलला क्रिस्तपुराण छापलं तेव्हा देवनागरीचे खिळेच नव्हते, मराठी रोमन अक्षरांत छापावी लागली. खिळे आले, गेले, लेझर आला. आमच्या मात्रा अजून रिपमध्ये उडतातच.

पैसे विचारले तर तुम्ही स्मरणिकेची एक प्रत मागितलीत, तीही कडा कापण्याआधीची. रंग एकावर एक नीट बसलेत का ते दाखवणारे रजिस्टर मार्क बघायचे होते म्हणे.

ती पट्टी मशीनमननं कंट्रोल पॅनेलशेजारी चिकटवली आहे, तुमच्या अक्षरातल्या आकड्यांसकट. भिंग खणात आहे. गणपतीआधी दिनदर्शिकेचं प्रूफ येईल, त्या दिवशी या. बसचं तिकीट मात्र या वेळी मी काढणार.

तुमची,
प्रेसवाली पोर