कालनिर्णयच्या मागची दोन वर्तुळं

सातारा, रविवार

प्रिय सुभ्या,

आठ महिने पत्र नाही. रागाव, हक्क आहे तुझा. मी बरा आहे, गुडघा तसाच.

दादाच्या स्वादुपिंडात गाठ निघालीय. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि ही दिसली. अण्णांचे डोळे पिवळे झालेले आधी तुला दिसले होते, म्हणून तुलाच लिहितोय.

कॅन्सर दिसत नाही. चिकट द्रवाची पिशवी आहे, आयपीएमएन म्हणतात. स्वादुपिंडाच्या मुख्य नळीवर असती तर धोका जास्त. ही तिच्या फाट्यावर आहे. २२ मिलिमीटर. दादाने कालनिर्णयच्या मागे कंपासने तेवढं वर्तुळ काढलं. वहिनीने त्यावर २०११ चा रुपया ठेवला, चपखल बसला. "रुपयापायी एवढा खर्च!" दादाच हसला. मग शेजारी ३० चं काढलं, कारण तिथपासून डॉक्टरांची काळजी वाढते. आता चहा घेताना त्या दोन वर्तुळांकडेच बघत बसतो.

कावीळ, पिशवीच्या भिंतीवर ५ मिलिमीटरचा मांसल उंचवटा, १० मिलिमीटर फुगलेली मुख्य नळी, यातलं काही असतं तर सरळ ऑपरेशन. यातलं काहीच नाही. दुर्बिणीतून सुई घालून पाणी काढलं. त्यात सीईए नावाचं प्रथिन मोजतात, ते ४१० आलं आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, १९२ च्या वर म्हणजे द्रव म्युसिनचा, म्हणजे चिकट जातीचा, एवढंच. पिशवी बिघडलीय का, म्हणजे कॅन्सरकडे वळलीय का, हे तो आकडा सांगत नाही. मग सांगतं कोण रे? काढून तपासल्याशिवाय कुणीच खात्री देत नाही. आणि काढायचं म्हणजे व्हिपल: स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, लहान आतड्याची सुरुवात, सगळं जातं. एवढं करून गाठ साधीच निघाली तर?

दादा म्हणतो, काढून टाका, अण्णांसारखं नको. मी म्हणतो, सहा महिन्यांनी एमआरआय करू. वर्षात अडीच मिलिमीटर वाढली तर पुढचं बोलू. आठवतं, अण्णांच्या वेळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तू "आधी दाखवायला हवं होतं" म्हणालास आणि मी अंगावर धावून आलो? अर्धा वडापाव टाकून गेलास, तरी रात्री बाकावर तूच होतास. तुझंच बरोबर होतं. पण अण्णांचं दिसलं तेव्हा उशीर झाला होता, दादाचं वेळेत दिसलंय. हे त्याच्या गळी उतरवणं मला जमत नाही, माझाच आवाज कापतो.

चिऊचा बारावीचा निकाल काय? स्लॅब पडला का?

दादा तुझं ऐकतो. दिवाळीआधी एक रविवार ये. सगळे रिपोर्ट अण्णांच्या पेटीत ठेवलेत.

तुझा,
विन्या